ई-सहा

चोपड्याच्या कॉलेजमागचं मैदान
दोन दिवस आधी ट्रॅक्टरनं सपाट केलेलं,
तरी काळी जमीन ती, ऐकते थोडीच.
दिवाळी सरली की तिच्या भेगांना तोंडं फुटतात
आणि फक्कीच्या रेषा त्यात बुडून जातात.

मी गुणलेखिका.
प्लॅस्टिकची खुर्ची, वर्गातला बाक, दोन पेन्सिली,
भाच्याच्या कंपासमधलं खोडरबर.
आंतरमहाविद्यालयीन सॉफ्टबॉल, मुली, अंतिम सामना,
पारोळा विरुद्ध शहादा.
माझ्या कागदावर मुलींना नावं कमी, आकडे जास्त.
पिचर एक, कॅचर दोन,
दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली ती सहा.

सहा म्हणजे चारुशीला सैंदाणे.
सकाळपासून तिच्याकडे गेलेला चेंडू
मध्ये कुठे पाणी प्यायलाही थांबला नव्हता,
तिच्या हातातून थेट पहिल्या बेसला.

सातवा डाव. पारोळा चार, शहादा तीन.
दोन बाद, दुसरा आणि तिसरा बेस भरलेला.
जिनिंगकडून कापसाचे तूस उडत येत होते.
रुखसाना तडवीनं एक पापणीवरून काढला,
हात पूर्ण गोल फिरवला,
आणि उर्मिला वळवीनं चेंडू जमिनीलगत मारला
सहाकडे.

चारुशीला वाकली. बरोबर वाकली.
मोजा मातीला टेकलेला, नजर चेंडूवर.
आणि एक ढेकूळ,
लिंबाएवढं, ट्रॅक्टरला चुकवून राहिलेलं.
चेंडू तिच्या खांद्यावरून गेला.
दोघी घरी आल्या.

शहाद्याच्या मुली एकमेकींवर कोसळल्या,
त्यांच्या बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला,
पंचांनी पॅड सोडले.
माझं काम तेव्हा सुरू झालं.
हे पंच ठरवत नाहीत, मी ठरवायचं असतं:
चेंडू मारला, की चेंडू सुटला?
एक रेघ, की ‘ई’?

एकोणीस वर्षांपूर्वी, धुळ्याला,
मीही सहाच होते.
चष्मेवाल्या कुठल्याशा सरांनी
बॉलपेननं लिहिलं होतं, ई-सहा.
तिथेही ढेकूळ होतं असं मी घरी सांगितलं.
खरंच होतं का,
आता मलाही नक्की आठवत नाही.

मी रेघ ओढली. हिट.
निकाल थोडाच बदलतो? पाच-चार ते पाच-चार.
कागद विद्यापीठात जाईल,
क्रीडा विभागाच्या कपाटात,
गेल्या वर्षीच्या कागदांवर बसेल.

मंडपात भरिताचा खमंग वास सुटला होता,
केळीच्या पानांवर पुऱ्या पडत होत्या.
ती जेवायला न जाता बाकापाशी आली.
गुडघ्यावर रक्त, त्यावर माती, दोन्ही सुकलेलं.
“मॅडम, मनं काय लिखं?”
कागद फिरवून दाखवला.
तिनं चौकोनावर नख ठेवलं, बराच वेळ.
“तो बॉल मना व्हता.”

ढेकूळ होतं गं, मी म्हटलं. मी पाहिलं.
“ढेकूय बी मनंच व्हतं.
सकायपाशी तठेच उभी व्हतू मी.
फोडी टाकाले पाह्यजे व्हतं.”

आवाजात रडणं नव्हतं.
वाण्याच्या दुकानात
जास्त आलेले सुटे पैसे परत द्यावेत
तसं बोलली.

मग मैदानात गेली,
रिकाम्या, उन्हात तापलेल्या मैदानात,
आपल्या जागेपर्यंत मोजल्यासारखी चालत.
टाचेखाली काहीतरी दाबलं,
पाय दोनदा फिरवला,
आणि हात धुवायला नळाकडे वळली.

कागदावर अजून सही व्हायची होती.
पारोळ्याची बस हॉर्न देईपर्यंत
खोडरबर माझ्या मुठीत होतं,
घामानं ओलं.