साडेचार मिनिटं

उत्पला धारगळकर मला पहिल्यांदा भेटली
नऊ पत्र्याच्या डब्यांत,
मस्कत विमानतळाच्या मालखान्याची पिवळी चिठ्ठी डकवलेली.
रुवीच्या टॉकीजात मी मशीनवर होतो.
हिरोच्या बहिणीचं काम तिचं,
चौथ्या रिळात लग्न, सहाव्यात मरण.
शुक्रवारी मलबारी, पठाण, सिंधी, आमचे दाभोळचे
सगळे एका सुरात रडले.
मला फोकस सांभाळायचा होता.

मग वर्षानुवर्षं ती माझ्या डोक्यावरून जात राहिली
उजेडाच्या पट्ट्यातून, धुळीसकट.
फौजदारीण झाली, दरोडेखोराची बायको झाली,
जुळ्या बहिणी झाली (एक आंधळी),
एकदा तर नुसती भिजून दहा मिनिटं नाचली
आणि पडद्यावर पन्नास बैसांची नाणी आदळली.
नाचतानाही तिची नजर
कॅमेऱ्याच्या किंचित डावीकडे,
चुलीवर दूध ठेवून आलेल्या बाईसारखी.

मध्ये ती दिसेनाशी झाली.
बाल्कनीतले म्हणाले, संपली.
मग एका बुधवारी कुणाच्या तरी मेहेरबानीने
मंडळाच्या हॉलमध्ये सोळा खुर्च्या, भाड्याचा प्रोजेक्टर,
आणि पिक्चर मिठागरातल्या बाईचा.
गाणं नाही. वीस मिनिटं ती नुसतं मीठ ओढते.
पाच जण उठून गेले, एक डॉक्टर घोरू लागले.
मी मागे उभा, बसून पिक्चर बघायची सवय नाही म्हणून.
पाहिलं तर दूध केव्हाच उतू गेलेलं
आणि ती सरळ समोर बघत होती,
माझ्याकडे, सोळा खुर्च्यांवरून.

त्याच ईदला ती परत मोठ्या पडद्यावर,
सोन्याने मढलेली सासू. वय अडतीस.
हॉल भरलेला.
पगार कुठला, भूक कुठली,
हे परदेशात राहिलेल्याला कुणी समजावू नये.

एक सांगायचं राहिलं.
इथे काही गोष्टी दाखवायच्या नसत.
कागदावर यादी यायची, मी ब्लेडने कापायचो,
प्रिंट परत जाताना पुन्हा जोडून द्यायचो.
बारा पिक्चरांत मिळून तिच्या साडेचार मिनिटांना
या मुलखात परवानगी नव्हती.
एकदा ब्लेड जरा पुढे लागलं.
चुंबन संपलेलं, हिरो चौकटीबाहेर,
पुढे बावीस फ्रेमा ती एकटी:
मनगटाने ओठ पुसते, हसू दाबते.
त्या मी जोडल्या नाहीत.
बिस्किटांच्या डब्यात राहिल्या, एकोणतीस वर्षं.
चोरी म्हणा.

टॉकीज पाडलं. मी कंपनीची गाडी चालवू लागलो.
गेल्या जानेवारीत ती मत्रहला आली,
छोटा पिक्चर, सात माणसांचं युनिट,
मासळीबाजारात सुरमई कापणाऱ्या बाईचं काम.
पहाटे पाचला बंदरावर सोडायचो तिला.
एक बलुची म्हातारा रोज तिच्यावर ओरडायचा,
सुरी अशी धरतात का? अशी?
ती रोज चुकीची धरायची,
नवव्या दिवशी तो ओरडला नाही.

त्या दुपारी मी डबा पुढे केला.
तिने पट्टी काचेला लावून उन्हात धरली,
डोळे बारीक करून, बराच वेळ.
‘किती होतं हे?’
सेकंदाला दोन फ्रेमा कमी, मी म्हटलं.
‘मुकादम, इथे मी काय करत होते?’
मला सांगता आलं नाही.
तिलाही आठवेना. पिक्चरचं नावसुद्धा.
पट्टी परत देत म्हणाली,
उद्या साडेचारला या, भरती लवकर आहे,
आणि काच खाली करून डोळे मिटले.

घरी येऊन बघतो तर
सतराव्या फ्रेमवर, तिच्या मनगटापाशी,
सुरमईचा एक खवला चिकटलेला.
वाळलाय आता. दिव्यापुढे धरला की
चेहऱ्याच्या आधी तोच चमकतो.