सवड

मालक म्हणाले, "नवी भट्टी तुम्ही बसवा."
मी हिशेबाची बाई.
बावीस वर्षं उद्यमबागेतल्या या फाउंड्रीत
लोखंड पाहिलं ते किलोत आणि चलनांवर.
"इंजिनियर आहेत की ओ," मी म्हटलं.
"ते भट्टी बघतील. तुम्ही भट्टी येण्याकडे बघा."

रात्री भांडी आवरून
मुलाच्या जुन्या वहीत, मागच्या कोऱ्या पानांवर
आडव्या पट्ट्या काढत बसले.
खड्डा, सळी, काँक्रीट, केबल, क्रेन, पाणी.
कोण कोणाच्या आधी, कोण कोणासाठी थांबलंय.
चार नणंदांची लग्नं उरकलीत मी,
त्यातही हे सगळं होतं,
फक्त पट्टी नव्हती.

टिळकवाडीत शनिवारच्या वर्गात
माझ्या निम्म्या वयाचे सर फळ्याकडे वळून म्हणाले,
प्रत्येक कामाला थोडी सवड असते.
ज्या वाटेवरच्या कामांना ती मुळीच नसते
ती वाट आधी ओळखा.
मी खाली मान घालून उतरवून घेतलं
आणि समासात, बारीक अक्षरात लिहिलं:
सकाळी सहा ते नऊ.

इराण्णा कडबी, केबलचा ठेकेदार,
फोनवर म्हणाला, "आय्तु री, अक्का."
मी चौकोन हिरवा केला.
केबल हुबळीच्या गोदामातून हललीही नव्हती.
आय्तु म्हणजे झालं, हे लहानपणापासून ठाऊक.
आय्तु म्हणजे बरं, ऐकलं, ठेवा आता फोन,
हेही ठाऊक.
तरी रंग भरताना
सोयीचाच अर्थ हाताशी आला.

तेव्हापासून वहीत एक पान वेगळं आहे.
नाळे: म्हणजे उद्या, म्हणजे गुरुवार.
नोडोण: बघूया, म्हणजे तीन आठवडे, आणि दुसरा माणूस शोधणे.
येऊलालोय: अजून अंघोळ व्हायची आहे.
होऊन जाईल की: विचारावं, कोण करणार?
हे पान सरांना दाखवलं नाही.

क्रेन मिळाली आषाढातल्या मंगळवारची.
तक्ता भिंतीवर लावला, चार रंगांत.
सगळे बघून गेले, छान म्हणाले.
मोल्डिंगचा निंगाप्पा हुंदरे मागं राहिला.
हाताची वाळू पँटीला पुसून
त्या मंगळवारावर बोट धरलं,
रंगाला लागणार नाही इतकं वर.
"अक्का, यात मंगाई कुठं हाय?"

आमचे गवंडी वडगावचे. यात्रेपर्यंत वार पाळतात.
मंगळवारी नांगर नाही, थापी नाही.
मी शहापुरात वाढलेली,
त्याच यात्रेत पाळण्यासाठी रडलेली,
आणि पट्टी हातात घेतल्याबरोबर
एक अख्खं गाव माझ्या कागदावरून उतरलं.
"आधी का बोलला नाहीस?"
"तुम्ही इचारलासा कुठं?"

क्रेनवाल्यानं दिवस बदलायचे चार हजार घेतले.
ते मी शिक्षण या खात्यात टाकले.
मालकांनी सही केली, विचारलं नाही.

आता पट्टी काढायच्या आधी
चहाची किटली घेऊन शेडमध्ये जाते
आणि एकच विचारते, हे कशानं अडेल?
सुरुवातीला सगळे बुटांकडे बघायचे.
मग कोअरवाली शेवंता म्हणाली, खड्ड्याखाली जुनी विहीर आहे,
बुजवली तेव्हा माझा सासरा होता.
नकाशात ती नव्हती.
अल्ताफच्या बहिणीचं लग्न नकाशात नव्हतं.
पंपाची चावी कुणाकडे असते
हेसुद्धा नव्हतं.

सतरा दिवस उशिरा पहिलं लोखंड वितळलं.
सगळे तिकडं धावले, नारळ फुटला, पोरांनी फोन वर धरले.
मी काचेमागं, कानाला फोन लावून.
इराण्णा बिलाचं विचारत होता.
"कधी होईल, अक्का?"

"नोडोण," मी म्हटलं,
आणि वहीत
तारीख लिहून ठेवली.