पाटापलीकडचा पराग

ऐमोगास्तात ऑक्टोबर म्हणजे वसंत.
दुपारी बाराच्या सुमारास अँडीजवरून सोंडा वारा उतरतो
भट्टीचं दार उघडावं तसा,
आणि माझ्या वहीत पारा तासाभरात
चोविसावरून चौतिसावर.

मी ऑलिव्हची फुलं मोजते. हेच माझं काम.
एका फांदीला लाल दोरा, एकीला निळा,
दोन्हींवर पाचशे-पाचशे फुलं,
तांदळाच्या कणीएवढी, पांढरट,
मध नाही, वास जेमतेम.
मधमाशीची मनधरणी यांना जमतच नाही,
सगळा भरवसा वाऱ्यावर.
निम्मी तर नुसतीच नर:
पाणी कमी पडलं की झाड हात आखडतं,
आत कुक्षी धरतच नाही.
शंभर फुलांमागे दोन फळं आली
तरी एवारिस्तो निएवा म्हणायचा, भरलं.

गेली सहा वर्षं भरत नाही.
मोहोर येतो, झाडं पांढरी होतात,
आणि डिसेंबरात फांदीवर मिरीचे दाणे,
बी न धरलेली, वाढायचं विसरलेली फळं, घोसच्या घोस.
त्याला औषध हवं होतं, बाटलीतलं.
मी म्हटलं, चाळीस ओळी तुमच्या,
मान्सानिया, मान्सानिया, मान्सानिया,
एकाच झाडाची कलमं.
एकच झाड चाळीस ओळींत उभं आहे.

गारव्यात ते खपून जातं.
पंचविसाच्या आसपास घरातल्या घरातही
कधीमधी सोयरीक जमते:
पराग कुक्षीवर उतरतो, नळी काढतो,
केसाहून बारीक वाट खणत आत पोचतो.
पारा तिशीपलीकडे गेला
की कुक्षी आपल्याच परागाला ओळखते
आणि कडी लावून घेते.
परका असेल तर त्याच उन्हात,
धापा टाकत का होईना, शिरतो.

‘आधी इथे दुसरी झाडं होती का?’
तो स्वतःचे बूट बघत बसला.
होती. पाटाच्या कडेला अराऊको, सात.
कंपनीचा माणूस म्हणाला, सगळं फळ एकसारखं द्या.
तोडली. दोन हिवाळे शेगडीला पुरली.

पाटापलीकडे अकरा अराऊको अजून आहेत.
ते एर्मेलिंदाचे, त्याच्या बहिणीचे.
वाटणी झाल्यापासून दोघांत
पाण्याच्या पाळीपुरतं बोलणं,
तेही पाटकऱ्यामार्फत.
शिवाय तिची झाडं पूर्वेला आणि वारा पश्चिमेचा;
तिचा पराग रोज
दुसऱ्याच कुणाच्या शेतात जातो.

पहाटे बादल्या घेऊन मी तिच्याकडे गेले.
कुणासाठी, तिनं विचारलं नाही.
मोहोराच्या फांद्या कापून दिल्या.
‘वारा उठायच्या आत टांग.
आणि त्याला म्हणावं पाणी बदल.
तो विसरतो.’

पश्चिमेच्या कडेला बादल्या टांगल्या.
कागदी पिशवीत थोडा पराग झटकून
लाल दोऱ्याची फांदी त्यात घातली,
हलवली, तोंड बांधलं.
दुपारी छत्तीस.
वाळत घातलेल्या चादरींवर पिवळी धूळ,
ट्रकच्या काचेवर, माझ्या भुवयांवर.
एवढी उधळण, आणि कामी येणार
त्यातला एखादाच कण.
तिन्हीसांजेला एवारिस्तो पाणी बदलताना दिसला.
बादल्या सगळ्या. एकही विसरला नाही.

डिसेंबर. निळ्या दोऱ्याला मिरी, मिरी, एक फळ.
लाल दोऱ्याला तेरा, मी म्हटलं.
त्यानं चष्मा पुसला, पानं बाजूला करून स्वतः मोजली.
‘चौदा.’
चौदाच होती. मी वहीत खोडलं.

पुढचा हिवाळा असा उबदार गेला
की गार रात्री बोटांवर मोजून झाल्या.
थंडी न सोसलेल्या डोळ्याला
फुलायचं सुचत नाही.
ऑक्टोबरात झाडं हिरवी, नुसतीच हिरवी.
दोरे खिशात, वही कोरी, तरी मी गेले.

पाटाच्या कडेला सात खड्डे होते.
सहांत गुडघ्याएवढी रोपं.
सातव्यापाशी एर्मेलिंदा, हातात फावडं.
‘हा उथळ आहे,’ ती म्हणाली,
पाटकऱ्याला नाही.