स्टोअर नंबर तीन

उद्या पाहुणे येणार, दिल्लीचे.
कुलसचिव म्हणाले, स्टोअर तीन उघडा.

चावी माझ्याकडेच असते.
आत झेंड्यांचे बांबू, बसका माइक,
तीनदा रंगवलेली एकच कमान
(नव्या सुस्वागतम्‌खाली जुनं अजून दिसतं),
आणि ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात
नायनानं विणलेली माणसं.

तेव्हा विद्यापीठ कुठलं, गावातलं कॉलेज.
ट्रंक तिथूनच इकडे आली,
माझ्यासारखी, समावेशनाच्या आदेशानं.

प्राचार्य हत्तुरे स्वतः आले होते साखर पेठेत,
पेपरातला फोटो घेऊन:
अंबय्या, यांचा वॉलपीस पाहिजे, गुरुवारी.
नायनानं चौकटीच्या कागदावर नाक मोजलं,
रात्रभर पुठ्ठ्यांना भोकं पाडली.
कान विणताना वीज गेली,
म्हणून डावा जरा खाली आहे.

गुरुवारी ते आले. अकरा मिनिटं बोलले.
देश तुमच्या हातात आहे, असं काहीसं.
चित्र गाडीत ठेवायचं राहून गेलं.
नायना गेटबाहेर, पासाशिवाय.
गाडीची काच खाली होती तेवढ्यात बघितलं त्यानं.
घरी येऊन आईला म्हणाला,
गोरे आहेत गं, मी उगाच सावळे केले.

दुसरे आले ते मे महिन्यात.
त्यांनी चादर नेली. चित्र नाही.

तिसऱ्यांचं येणंच रद्द झालं.
हेलिपॅडवर टँकरनं पाणी मारून झालेलं,
पोरं उन्हात ओळीत उभी.
निरोप पोचला तेव्हा नायना मिशीपर्यंत आला होता.
माग थांबवला. सूत तोडलं.
त्या बिलावरचा शेरा मला पाठ आहे:
तरतूद नाही.

आज गच्चीवर सगळ्यांना ऊन दिलं.
पालथे घातले की ओळखू येत नाहीत,
केस पांढरे, तोंडं काळी,
आणि जिथं तिथं नायनाच्या गाठी,
बोटाला लागतात.

दुपारी शिपाई आला. मॅडम,
स्टेजवरच्या टेबलाला काहीतरी जाडसर द्या,
प्लायवुड दिसतंय.

मी अर्ध्या मिशीचे दिले. पालथे.
त्यावर फुलदाणी येईल, पाण्याचा पेला,
भाषणाचे कागद, एखादी मूठ आपटेल.

रजिस्टरात नोंद केली, सही घेतली:
एक नग. परत करण्याच्या बोलीवर.