चुंबक घसरलं तिथे

शुवैखच्या मागच्या गल्लीत, टायरवाल्याच्या पलीकडे आमचं गॅरेज.
बाहेर अठ्ठेचाळीस, आत पंखा आहे म्हणून बरं म्हणायचं.
मी मूळचा उद्यमनगरचा. लेथवर हात बसला कोल्हापुरात,
पत्र्यावर बसला तो इथे,
दापोलीच्या पारकरचाचांच्या शिव्या खात.

आज दुबईहून भाव ठरवणारा माणूस आलाय.
पांढरे हातमोजे, कपाळावर बॅटरी,
आणि रुमालात गुंडाळलेलं एक चुंबक.
समोर एकोणसत्तरची चार्जर,
करवंदीच्या पानासारखी गडद हिरवी,
डोळे मिटून बसलेली.
दिव्यांवर झापड असते या गाडीला, बटण ओढलं की उघडते.
अबू मिशारींच्या वडिलांनी ती बंदरावर कोरी उतरवून घेतली
तेव्हा शहरात सिग्नल मोजून नऊ होते, असं ते सांगतात.
मी कुठे मोजायला होतो.

माणूस आधी नंबर पाहतो.
डॅशवरचा, इंजिनाच्या खांद्यावरचा, गिअरबॉक्सच्या पोटावरचा.
काकांनी बहिणीची पत्रिका जुळवताना हलवली होती
तशी मान हलवतो: जुळतंय, जुळतंय,
बत्तीस गुण तरी आहेत.
मग चुंबक घेऊन तिच्या अंगभर फिरतो.
दार, छत, बोनेट. टक्, टक्, टक्.
डाव्या मागच्या चाकाच्या वर
घसरलं.
मंगळ निघाला.

मला माहीत होतं.
नव्वदच्या ऑगस्टात ही गाडी दिवाणियाच्या मागे
एका रात्रीत उभ्या केलेल्या भिंतीआड होती.
बांधणारे दोघे: म्हातारा मालक आणि पारकरचाचा,
ज्यांना जन्मात कधी वीट लावता आली नाही.
कुणीतरी उगाच भिंतीवर झाडलेल्या गोळ्यांतली एक आत शिरली.
पुढे चाचांनी ते भोक भरलं. पुट्टीनं नाही, शिशानं.
मेणासारखं मऊ करून, लाकडी पट्टीनं थोपटत,
बाळाची टाळू भरतात तशा हातानं.
"शिशानं केलंय ना, मग शिशानंच निस्तरायचं."

माणूस वहीत लिहितो: एकतीस हजार दिनार.
तेवढा पत्रा नवा घातला तर पस्तीस.
मधले चार हजार म्हणजे माझे एकवीस पगार,
तळहाताएवढ्या जागेचे.

अबू मिशारी बोलत नाहीत. आत बसून किल्ली फिरवतात.
आणि मग तो आवाज,
घशातून नाही, बेंबीच्या देठापासून आलेला.
बाकावरचा पाण्याचा ग्लास आपला आपण चालत निघाला.
टायरवाला हातातल्या सुलेमानीसकट दारात,
समोरच्या बंगाली पोरांनी वेल्डिंग थांबवलं.
आमच्याकडे आवाजालाही नाद म्हणतात आणि वेडालाही,
पेठेतली माणसं त्यात फरक करत नाहीत.
भाव ठरवणाऱ्यानं पेन दातांत धरलं,
काहीच लिहिलं नाही.

वाटलं, आता नको म्हणतील.
किल्ली काढून ते म्हणाले, "बदल."
पोराला बिनआवाजाची विजेची गाडी हवीय,
आणि पस्तीस म्हणजे पस्तीस.

रात्री मी कटर लावला.
चाचा असते तर नेमकी कुठली शिवी दिली असती,
तेवढं मात्र ठरवता येईना.

तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून फरवानियात, खोलीवर आणला.
फ्रिजच्या दारावर बायकोनं पाठवलेलं
अंबाबाईचं छोटं चुंबक आहे.
ते काढून लावून पाहिलं.
मधोमध टेकवलं की घसरतं,
कडेला जाऊन थांबतं.
शेजारच्या खाटेवरचा म्हणाला, दिवा घालव.
दोनदा म्हणाला.
मी अजून एकदा लावून बघतोय.