सोळा घरं

गुरुवारी भोसरीला सुट्टी असते.
शेजारच्या शेडमधला पंचिंग प्रेस गप्प,
आणि तो गप्प झाला की कळतं
वर्षभर आपण त्याच्या ठोक्यावर टाइप करत होतो.

पंप टेबलावर आहे, बंद.
शिरेतून औषध सोडणारा, थेंबाथेंबाने,
आतला सगळा सी खांबेटेसाहेबांच्या हातचा.
आज तो चालवायचा नाही. नुसता वाचायचा.

वाचणाऱ्या यंत्राला घाई नाही, भीड नाही.
फाटा फुटतो तिथे ते दोन्हीकडे जातं,
कुणी कधी वळलं नाही त्या बोळातही,
आणि परत येऊन सांगतं, इथे कठडा नाही.
एक हजार एकशे त्रेचाळीस वेळा सांगतं.
त्यातले हजार तरी लांडगा आला रे आला.

मी कित्येकांची तोंडं बांधली आहेत.
ओळीच्या डोक्यावर खूण करायची:
तपासलं, धोका नाही, मे. इ.
पुन्हा ते त्या ओळीबद्दल बोलत नाही.

कैवल्य भेगडे, तळेगावहून येतो, तीन महिने झाले.
त्याला वाटलं, खुणा म्हणजे जुना कचरा.
काल संध्याकाळी त्याने सगळ्या उडवल्या.
मी चिडले.
मग चारशे बारावी ओळ आली.

पेशंटच्या नावासाठी सोळा घरं.
नाव उचलायचं, त्यात ओतायचं,
किती आहे ते न मोजता.
तिथे माझी खूण होती, सात वर्षांपूर्वीची.
तेव्हा खरीच होती. पॅनेल इंग्रजीत होतं
आणि कीपॅड बारा अक्षरांपुढे घेत नव्हता.

गेल्या वर्षी आपण पॅनेल मराठी केलं. पेढे वाटले.
कीपॅड अजूनही बाराच घेतो.
पण मराठीतलं एकेक चिन्ह तीन घरं अडवतं,
कान्याला तीन, मात्रेला तीन,
न चा पाय मोडला तर त्या मोडक्या पायालाही तीन.

पाठकोऱ्या चलनावर मी माझं नाव मांडलं.
मेहेरुन्निसा.
इंग्रजीत अकरा, शेवटचं शून्य धरून बारा,
चार घरं मोकळी.
मराठीत छत्तीस.
म, मात्रा, ह, मात्रा, र. पंधरा भरली.
सोळाव्यात रु च्या उकाराचा पहिला तुकडा,
उरलेले दोन भिंतीपलीकडे,
आणि त्यांच्या मागून न्निसा, अख्खी, चालत.

पलीकडे कोण राहतं?
पुढची ओळ पाहिली.
दर. तासाला किती मिली.

खांबेटेसाहेब कर्वेनगरला असतात. फोन केला.
किती अक्षरांचं नाव म्हणालात, त्यांनी विचारलं.
मी सांगितलं.
बराच वेळ नुसती कुकरची शिट्टी.
मग, आमच्या वेळी एवढी नावं…
आणि थांबले.
पुढे काय येणार होतं मला माहीत नाही,
मी विचारलंही नाही.
तुमचीही खूण होती ना तिथे, ते म्हणाले.
होती, मी म्हटलं.

दुरुस्ती चार ओळींची.
पत्र त्याहून लांब. दोनशे सहा पंप बाहेर गेलेत,
चाकण, बारामती, एक थेट उदगीरला.
खाली मे. इ. लिहून चालणार नव्हतं.
पूर्ण सही केली.

मग पंप चालू केला.
माझंच नाव टाकलं पेशंट म्हणून.
पॅनेलवर ते उमटलं, उकारासकट,
आणि दर पाच पूर्णांक शून्य, पाच पूर्णांक शून्य.
मी दहा मिनिटं बघत राहिले.
उगाच. यंत्राने आधीच सांगितलं होतं.

उरले एक हजार एकशे बेचाळीस.
कैवल्यने खुर्ची ओढली, म्हणाला, पहिल्यापासून?
म्हटलं, पहिल्यापासून.
गुरुवारी चहावालाही नसतो.