नंतरची नळी

परळच्या सहाव्या मजल्यावर
सोमवारी आणि गुरुवारी माझ्याकडे नळ्या येतात,
जोडीने: डायलिसिसच्या आधीची, नंतरची.
वर नाव नसतं, आकडा असतो.
तरी एकवीस म्हणजे हसुराम तांडेल, हे मला ठाऊक आहे,
कारण संमतीच्या कागदावर
अंगठा नको, सही करतो म्हणत
त्यांनी दहा मिनिटं घेतली होती.

युरिया उतरतो. क्रिएटिनिन उतरतं,
अकरावरून चारवर, शहाण्या मुलासारखं.
मी शोधते ते वेगळं: इंडॉक्सिल सल्फेट,
डाळीतून, मासळीतून, आपल्याच पोटात त्याचं मूळ,
आणि रक्तात ते अल्ब्युमिनचा हात धरून बसतं.
चार तास मशीन फिरलं तरी
आकडा जागचा फारसा हलत नाही.

तांडेलांनी विचारलं होतं, का?
मी कागदावर गाळणी काढली, ठिपके काढले.
"म्हणजे आस बारीक," ते म्हणाले.
चाळीस वर्षं जाळी विणलेला माणूस.
"आस मोठा केला तर?"
मग अल्ब्युमिनही जाईल.
"मग नको. चांगलं राहू दे."
घरी जाताना तो शब्द माझ्याबरोबर आला.
मराठी माझीच, पण हा अर्थ मला माहीत नव्हता.

तुलनेसाठी निरोगी रक्त हवं होतं. माझंच दिलं.
माझ्यातही सापडलं ते, चिमूटभर.
फक्त माझं रोज वाहून जातं,
न मोजता,
जिन्याखालच्या संडासात, दोन मिनिटांत.

गेल्या गुरुवारी एकवीसची एकच नळी आली.
आधीची.
मी लगेच फोन केला नाही.
मशीन धुतलं. बर्फाचा डबा पुसला.
उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये
त्यांच्या सतरा जोड्या होत्या, त्या उगाच मोजल्या.
मग केला.
वैजयंती सिस्टर म्हणाली, तास शिल्लक असताना
सुया काढायला लावल्या,
दंडावर कापूस दाबत निघाले.

तक्त्यात कारणाचा रकाना असतो.
मी लिहिलं: रुग्ण निघून गेला.
डॉक्टर केरावालांनी चष्मा वर केला.
"गेला म्हणजे?"

वरळीला, सर. बोट रंगवायची आहे.
रंग सुकायला ऊन लागतं,
आणि तिथलं ऊन आता
चारलाच टॉवरआड जातं.

आकड्याची जागा कोरी ठेवली.
तिथे शून्य लिहायचं नसतं.